१९७२ची नोवा: इंजिन बदलू, की आहे त्यालाच सजवू?

नोवावाला (कॅन्टन, मिशिगन)

मंडळी, नमस्कार. गाड्यांच्या धाग्यांवर इतकी वर्षं वाचनमात्र होतो. आता पाणी गळ्याशी आलं म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत एक १९७२ची शेव्हरोले नोवा घेतली. दोन दारांची, वाळलेल्या मेंदीच्या रंगाची, १४,५०० डॉलर. नोवा म्हणजे लॅटिनमध्ये 'नवी', असं बायकोला समजवायला गेलो तर "मग हिला जुनोबा म्हण" असं उत्तर आलं. तेव्हापासून घरात ती जुनोबाच. चेसिस नंबरात 'डब्ल्यू' आहे, म्हणजे हिचा जन्म विलो रनचा, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तासाला एक या वेगाने बी-२४ बॉम्बर बांधले ते हेच विलो रन. पुढे तिथेच जनरल मोटर्सने या गाड्या जुळवल्या. तो जुळणीचा कारखाना १९९३ साली बंद पडला. हे समजल्यावर मला गाडीविषयी उगाच गाववाल्यासारखा जिव्हाळा वाटायला लागला आणि घासाघीस करायची राहून गेली.

माझी पात्रता सांगतो. मूळ साताऱ्याचा. लहानपणी वडिलांच्या राजदूतचा प्लग पॉलिश पेपरने घासून द्यायचो, तेवढंच माझं इंजिनशिक्षण. इथे सीटचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाडीचं ऑइल, ब्रेक शू, प्लग, असली कामं हाताने करतो. इंजिन आजवर कधी उतरवलेलं नाही.

गाडीत ३५० इंजिन (म्हणजे ३५० घन इंचांचं, सुमारे ५.७ लिटरचं) आहे असं विकणाऱ्याने सांगितलं, एअर क्लीनरवर तसं स्टिकरही आहे. गिअरबॉक्स पॉवरग्लाइड, दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आता रडगाणं. रॅम्पवरून हायवेला लागताना पाय तळाला टेकवला तरी मागचा ट्रक आरशात मोठा मोठा होत जातो. सत्तरच्या वर गेलं की आतला माणूस काय बोलतोय ते ओठांवरून ओळखावं लागतं. आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मिरवणूक) नेली, तर फर्नडेलहून निघून बर्मिंगहॅमच्या जवळ पोचेपर्यंत तांबडा दिवा लागला. हजारो जुन्या गाड्या, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले लोक, आणि आम्ही बाजूला बॉनेट उघडून. मुलगी पंधरा वर्षांची आहे, नुकतं लर्नर मिळालंय. तिने त्या दिवशी जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना हात केला. मी मात्र रेडिएटरमागे तोंड लपवून.

आता हिवाळा आलाय. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी एप्रिलपर्यंत गॅरेजातच. तेवढ्या काळात काम उरकायचंय. एकूण बजेट ९,००० डॉलर, त्यावर एक सेंट नाही (हे वाक्य सौ.ने वाचून मंजूर केलेलं आहे).

एका भंगारवाल्याकडे २००४च्या सिल्व्हराडो पिकअपचं ५.३ लिटरचं एलएस जातीचं (जनरल मोटर्सच्या नव्या पिढीचं) इंजिन आहे. गिअरबॉक्स, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट ११०० मागतोय. यूट्यूबवर दोन पोरं ते वीकेंडात बसवतात. दुसरा मार्ग म्हणजे कोरं करकरीत ३५० पेटीत बांधून मागवायचं. तिसरा, आहे त्याच ३५०ला नवी हेड (सिलिंडरवरचे व्हॉल्व्हवाले भाग), नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि चार बॅरलचा, म्हणजे हवेच्या चार वाटांचा, कार्बोरेटर. शर्यत लावायची नाही. वुडवर्डला न लाजता जायचं, एकदा ट्रॅव्हर्स सिटीपर्यंत सहकुटुंब जायचं आणि पुढेमागे मुलीच्या हातात द्यायची, एवढंच. काय करू?

बे-एरियातला बेडूक

वाचनखूण साठवली, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एक भर. आमच्याकडे कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी नाही, त्यामुळे ७२ची नोवा असेल तर इथेसुद्धा कुठलंही इंजिन बसवायला धुराचा अडसर येत नाही. माझ्याकडे ७८ची कॅमेरो आहे. एअर क्लीनर बदलायचा तरी त्याच्यावर मंजुरीचा नंबर आहे का ते बघावं लागतं. तुमचा हेवा वाटतो.

कॅटीकर (ह्यूस्टनजवळ)

डोळे मिटून ५.३ उचला. मी १९७१च्या शेव्हेलमध्ये तेच बसवलंय, चार वर्षं झाली. सकाळी किल्ली फिरवली की पाण्यासारखं सुरू होतं. चोक नाही, पेट्रोलचा वास नाही, हायवेवर गॅलनला वीसच्या वर मैल. जुन्या कार्बोरेटरवर मला बारा-तेरा मिळायचे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमची, दोन लाख मैल चाललेलं इंजिनही उघडलंत तर सिलिंडरमध्ये होनिंगच्या (कारखान्यात घासल्याच्या) मूळ रेषा दिसतात.

फक्त वीकेंडात होतं ही थाप आहे. मला सात महिने लागले. इंजिनाची तळाची ऑइल पॅन ट्रकची असते, खोल. ती चेसिसच्या आडव्या बीमला आपटते, म्हणून वेगळी पॅन, ३८० डॉलर. माउंटच्या पट्ट्या ९०. वायरिंग स्वतः सोलून कमी करेन म्हणालो, तीन रात्री किचन टेबलवर स्पॅगेटी मांडून बसलो, शेवटी तयार हार्नेस ६५० देऊन आणला. कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी लॉक काढून घ्यावं लागतं, नाहीतर इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद. २००४चं म्हणजे थ्रॉटलला केबल नसणार, विजेच्या सिग्नलवर चालणारा असणार. त्यामुळे पायातलं पेडल आणि त्याचं मॉड्यूल त्याच ट्रकमधून उचला, मागाहून शोधायला गेलात तर जुळेलच असं नाही.

आणि पेट्रोल! कार्बोरेटरला सहा-सात पीएसआय दाब पुरतो, याला ५८ लागतो. मी जुन्याच टाकीला बाहेरून पंप लावला. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जायचं, पंप हवा ओढायचा, इंजिन गप्प. एकदा फ्रीवेच्या उतरत्या रॅम्पवर गप्प झालं, पॉवर स्टिअरिंग त्याच्याबरोबर गेलं. बायको शेजारी होती. दुसऱ्याच दिवशी आतमध्ये पंप आणि कप्पे असलेली नवी टाकी मागवली, ६०० डॉलर.

रेडिएटर, पंखे, एक्झॉस्ट, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून परत बॅलन्स करणं हे सगळं धरून माझे ७,८०० गेले. त्यात इंजिन-गिअरबॉक्सचे ९००. तुमच्या ९,०००मध्ये बसतं. करून टाका.

रंकाळा रिटर्न्स (कोल्हापूर)

वाचून मजा आली. आमच्याकडे याच्या उलट परंपरा. आजोबांच्या मित्राकडे मुंबईहून आणलेली जुनी लांबलचक अमेरिकन गाडी होती. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन घातलेलं. बाहेरून राजा, आवाज पिठाच्या गिरणीचा. लग्नाच्या वरातीत नवरदेव बसला की बँडवाल्यांना जोर लावावा लागायचा.

आज इथे असलं काही करायचं तर आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, तो जुळला नाही की बसा. तुम्ही लोक गॅरेजात परस्पर इंजिन बदलता हे वाचूनच इथल्या माणसाला घाम फुटतो.

वंगण (मिशिगन)

नोवावाले, वय अडुसष्ट आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. खडकीला डिझेल इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली, पुढे इथे येऊन तीस वर्षं टेस्ट सेलमध्ये इंजिनं किंचाळताना ऐकली. उजवा कान त्यातच गेला. आता स्वतःच्या दोन जुन्या गाड्या आहेत आणि दुसऱ्यांच्या चार.

पहिलं, तू चेसिस नंबरातला डब्ल्यू वाचलास आणि हरखलास. त्याच्या दोन घरं आधीचं अक्षर का नाही वाचलंस? १९७२पासून शेव्हरोलेने चेसिस नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनासाठी ठेवलं. तिथे 'एफ' असेल तर गाडी कारखान्यातून ३०७ घेऊन निघाली. मधल्या काळात कोणी इंजिन बदललं असेल, म्हणून ब्लॉकवरचा ओतीव नंबरही बघ. ड्रायव्हरच्या बाजूच्या हेडच्या मागे, जिथे गिअरबॉक्स जोडलाय त्या कडेवर असतो. वायर ब्रशने खरवड, कार्बोरेटर क्लीनर मार. ३९७००१० निघाला तर बहुधा ३५०. ३९७००२० निघाला तर ३०७. स्टिकर मी तुला पाच डॉलरला फेरारीचं पण आणून देतो.

हे एवढं का विचारतोय? पॉवरग्लाइड आणि ड्रम ब्रेकची नोवा बघितली की माझ्या मनात पहिली शंका ३०७चीच येते. ३०७ वाईट इंजिन नाही, गरीब इंजिन आहे. दोन बॅरलचा कार्बोरेटर, १९७२च्या हिशेबात १३० हॉर्सपॉवर. तेच इंजिन १९७० साली २०० म्हणून विकत होते. ३५०चंही तेच, चार बॅरलवालं १९७०ला ३००, १९७२ला २००. थोडी ताकद खरंच गेली, कारण ७१पासून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं. पण बरीचशी कागदावरच गेली. आधी इंजिन उघडंबोडकं, ना एअर क्लीनर ना सायलेन्सर, टेबलावर ठेवून मोजायचे. ७२पासून अंगावर सगळे दागिने घालून मोजायला लागले. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातला आकडा घेऊन आजच्या ट्रकच्या आकड्याशी तुलना करू नकोस. जर ३०७ निघालं तर त्याच्यावर हेड-कॅमचा एक डॉलरही घालू नकोस. बोअर ३.८७५ इंच, त्या अरुंद भोकात मोठ्या व्हॉल्व्हना श्वास घेता येत नाही. तेवढ्याच पैशात ३५० घरात येतं.

दुसरं, बॉनेट बंद कर आणि खाली झोप. नोवाची पुढची अर्धी चेसिस, म्हणजे सबफ्रेम, बोल्टने शरीराला लटकवलेली असते. पहिल्या कॅमेरोची तीच मांडणी. जिथे बोल्ट आहेत तिथला पत्रा पेचकसने टोचून बघ. मिशिगनमध्ये पन्नास हिवाळे काढलेल्या गाडीच्या रंगावर माझा विश्वास नसतो, लांबी भरून काहीही गुळगुळीत करता येतं. पेचकस आत गेला तर हा धागा इथेच बंद, तुझे नऊ हजार वेल्डिंगवाल्याचे.

तिसरं, वुडवर्डचा तांबडा दिवा. पंख्याभोवती श्राउड, म्हणजे ते पिंपासारखं आवरण, आहे का? नसेल तर सोळा मैल रांगत जाताना कुठलंही इंजिन उकळेल, एलएससुद्धा. त्यासाठी इंजिन बदलायची गरज नसते, सत्तर-ऐंशी डॉलरचं प्लास्टिक पुरतं.

आता खरा मुद्दा, आणि तो इंजिनाचा नाहीच. मागचं चाक उचल. एक चाक जमिनीवर राहू दे. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरव आणि शाफ्ट किती फेरे फिरतो ते खडूची खूण करून मोज. तोच तुझा एक्सल रेशो. तीनाच्या जरासा वर निघाला तर ३.०८ समज. २६ इंची टायर धरला तर ताशी ७० मैलाला इंजिन साधारण २,८०० फेरे फिरतंय, पॉवरग्लाइडची घसरण मिळवली की २,९००. म्हणून तुला ओठ वाचावे लागतात. आणि पहिला गिअर १.८२चा. त्याला ३.०८ने गुण, ५.६. म्हणजे उभी गाडी हलवायला इंजिनाचा जोर फक्त साडेपाच पटच चाकापर्यंत पोचतो. आता तिथे ७००आर४ नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक ठेव. पहिला गिअर ३.०६. गुणाकार ९.४. शेवटचा गिअर ०.७०, म्हणजे सत्तरला १,९५० फेरे. इंजिनाला हात न लावता गाडी सिग्नलवरून जवळजवळ पावणेदोन पट जोराने सुटते आणि हायवेवर आवाज तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. आरशातल्या त्या ट्रकचं उत्तर हे आहे. लोक दहा हजारांचं इंजिन घालून पॉवरग्लाइड तसाच ठेवतात, तेव्हा मला गजराच्या घड्याळात रेल्वेचं इंजिन घातल्यासारखं वाटतं.

७००आर४ला कॉम्प्युटर लागत नाही. जुन्या स्मॉल ब्लॉकला (३०७, ३५० ही त्याच घराण्यातली) सरळ जुळतो. तीनेक इंच लांब आहे, म्हणून खालचा आडवा बीम मागे सरकवावा लागतो आणि शाफ्ट आखूड करावा लागतो. १९८७ नंतरचा घे, आधीचे नाजूक. त्याला कार्बोरेटरपासून एक केबल येते. ती नीट लावली नाही तर आतल्या प्लेट पन्नास मैलांत जळतात. केबल लावायची वेळ आली की मला बोलव.

मग इंजिन. तुझ्या कामासाठी मी १९९६ ते ९९च्या ट्रकमधलं ३५० बघेन, एल३१ म्हणतात त्याला, व्होर्टेक नावाच्या हेडचं. पिकअप, सबर्बन, व्हॅन, सगळीकडे घातलं होतं. ट्रकमध्येच २५५ हॉर्सपॉवर, आणि तेही दागिन्यांसकट मोजलेले. रोलर कॅम आतच आहे. जुन्या कॅमना ऑइलमध्ये जास्तीचं झिंक लागतं, नाहीतर कॅमची टोकं झिजून सपाट होतात. इथे ती कटकट नाही. तुझ्याच माउंटवर बसतं, तुझीच सबफ्रेम, कार्बोरेटर लावला तर वायरिंगच्या चार तारा.

खाचखळगे आहेत. व्होर्टेक हेडला इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरखालचा, हवा-पेट्रोल आत नेणारा भाग) वेगळा, बोल्ट आठच आणि उभे. जुना बसत नाही. हेडमधून एक्झॉस्टची गरम वाट नाही, म्हणून चोक विजेचा घे. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मधोमध असतात, तुझी क्रोमची कव्हरं ओएलएक्सवर टाक. (इथे ओएलएक्स नाही म्हणा.) १९८६पासून मागचं ऑइल सील एकसंध झालं, त्यामुळे फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती) त्याच काळाची लागते. डिपस्टिक उजवीकडे गेली, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) घेताना बघ. ट्रकचा पाण्याचा पंप सपाट पट्ट्यावर उलटा फिरतो. तू व्ही-बेल्ट ठेवणार असशील तर तुझा जुना पंप लाव, नाहीतर पाणी घुसळलं जाईल पण फिरणार नाही. इतकं बघून मग हेड. ही हेड व्हॉल्व्हच्या मध्ये तडकतात. चिरा डोळ्यांना दिसत नाहीत.

आणि हे सगळं ब्रेकनंतर. पुढचे डिस्क ब्रेक आधी बसव. पंधरा वर्षांच्या मुलीला चार ड्रमवर २५५ हॉर्सपॉवर देणार असशील तर मी तुझ्या सौ.शी बोलतो.

कॅटीकर

काका, गिअरबॉक्सचं पटलं, पण ५.३बरोबर चार गिअरचा तो फुकटच येतोय की! ४एल६०ई म्हणजे तुमच्याच ७००आर४चा कॉम्प्युटरवर चालणारा मुलगा, तेच ३.०६, तेच ०.७०. आणि आजच्या काळातसुद्धा कार्बोरेटर? इथेनॉल घातलेलं पेट्रोल महिनाभर उभं राहिलं की जेट बुजतात, रबरी नळ्या फुगतात. कॉम्प्युटरला कशाला घाबरायचं?

वंगण

घाबरतोय कुठे, पोटापाण्याला आयुष्यभर कॉम्प्युटरच लावले. तुझं इंजिन जास्त चांगलं आहे, यात वाद नाही. पण तुझे सात महिने आणि ७,८०० तूच लिहिलेस. त्यात ब्रेक धरलेस का?

कॅटीकर

नाही. शेव्हेलला पुढे डिस्क होते.

वंगण

मग याला ते हजाराच्या आत-बाहेर वेगळे. राहिले दोनेकशे, आणि याने आजवर इंजिन उतरवलेलं नाही. पहिल्या कामात किती वस्तू दुसऱ्यांदा घ्याव्या लागतात ते तुझ्या टाकीला विचार. इथेनॉलचं मात्र बरोबर बोललास. नोवावाले, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घाल, त्यात काटकसर नको, आग तिथूनच लागते.

बे-एरियातला बेडूक

"गजराच्या घड्याळात रेल्वेचं इंजिन" सहीला लावतोय.

नोवावाला

उशीर झाला, माफ करा. शनिवार-रविवार दोन्ही गाडीखाली गेले.

आधी वाईट बातमी. पाचवं अक्षर एफ. तरीही आशा सोडली नव्हती, कोणीतरी पुढे ३५० घातलं असेल म्हणून. मुलीचा हात बारीक, तिला मागच्या कडेवर ब्रश मारायला लावला. पन्नास वर्षांचं ऑइल आणि मातीचं पुरण होतं तिथे. मग तिने आतला छोटा आरसा धरला, त्यातून फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, ०२००७९३". मी दोन मिनिटं गूगल करत बसलो. आरशातला नंबर उलटा असतो हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही, सौ.च्या आलं. ३९७००२०. स्टिकर उचकटून काढलं, खाली दुसऱ्या स्टिकरचे अवशेष आहेत. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला मलाही असंच सांगितलं होतं. असेलही.

चांगली बातमी. पेचकस सगळीकडे 'टक्' वाजला, फक्त डिकीच्या उजव्या कोपऱ्यात आरपार गेला. सबफ्रेमचे रबर चुरा झालेत, पत्रा शाबूत आहे. श्राउड नाही! त्याच्या बोल्टची भोकं मात्र आहेत, म्हणजे कोणीतरी काढून फेकलं. आणि शाफ्ट तीन फेरे आणि अगदी थोडा फिरला, खडूची खूण करून तीनदा मोजला.

त्यामुळे आता असं ठरतंय. ब्रेक आणि नळ्या डिसेंबरात. मग ७००आर४. इंजिन बहुधा एल३१, कारण कॅटीकर, तुमचा मेसेज वाचून सौ.ने विचारलं, "त्याची बायको शेजारी असताना रॅम्पवर बंद पडलं ना?" त्यापुढे मला काही बोलता आलं नाही. ५.३ माझ्या मनातून गेलेलं नाही, पण या हिवाळ्यात नको. ३०७ फेकत नाही. मुलीने ते स्टँडवर लावून मागितलंय, तिला आतून बघायचंय. तुम्ही गरीब म्हणालात म्हणून तिला त्याची दया आलीय असं वाटतं.

इप्सिलँटीच्या बाजूला एका यार्डात १९९८ची सबर्बन आहे, मागून ठोकलेली, ५.७. इंजिनाचे ४५० मागतोय. सुरू करून दाखवता येत नाही, बॅटरी आणि पेट्रोल पंप दोन्ही गेलेत. १,६८,००० मैल. काका, न सुरू होणारं इंजिन घ्यावं का? चिरांचं कसं कळणार?

वंगण

मैल ठीक आहेत. क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पान्हा लावून हाताने फिरवायचं. दोन पूर्ण फेरे अडखळल्याशिवाय फिरलं पाहिजे. ऑइलची डिपस्टिक ओढून वास घ्यायचा, रंग कॉफीत दूध घातल्यासारखा असेल तर मागे फिरायचं. प्लग आठही काढायचे. सात काळपट आणि एकच धुतल्यासारखा पांढरा असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, तडा तिथेच.

एवढं पार पडलं तरी पैसे देताना हेड काढून बघायची अट घाल. तयार नसेल तर ४५०चे ३०० कर आणि हेड तडकलेलीच आहेत असं धरून चाल, नवी ओतीव जोडी बाजारात मिळते. चिरा बघायला लाल डाय आणि पांढरा फवारा लागतो, तो माझ्याकडे आहे.

शनिवारी सकाळी नऊला मोकळा आहे. मुलीलाही आण, प्लग तिला काढू दे. आणि आरसा नको, टॉर्च आण.